प्लवक फोरॅमची वंशरेषा लावताना: भिंत आधी, नाव शेवटी

स्लाइडवर फोरॅम, म्हणजे एकपेशी समुद्री जीवाचे सूक्ष्म कवच, ठेवला, शेजारी ॲटलस उघडला, चित्राशी ताडून पाहिला आणि नाव लिहून टाकले. एम.एस्सी.च्या प्रबंधापासून पीएच.डी.पर्यंत बहुतेक चुका या एकाच सवयीतून निघतात. नाव लागते, कित्येकदा ते बरोबरही असते. पण त्या नावाखाली गोळा केलेली कवचे एकाच घराण्यातली आहेत का, हे कुणी पाहिलेले नसते. मग अशा नावांवर उभारलेल्या वंशवृक्षात कुणीही कुणाचा पूर्वज होतो.

जीवाश्म प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या) फोरॅमिनिफेरांचे, म्हणजेच फोरॅमांचे, उत्क्रांतीनुसार वर्गीकरण करताना कोणते काम कशाच्या आधी करायचे, एवढाच या लेखाचा विषय. मुख्य उदाहरण मध्य मायोसीनमधल्या ऑर्ब्युलिनाच्या वंशरेषेचे घेतले आहे. तिचे टप्पे साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि उष्ण कटिबंधातल्या समुद्री गाळात ती सर्रास सापडते. तुमचे नमुने मायोसीनच्या आधीच्या कालखंडांतले, इओसीनचे असोत की पॅलिओसीनचे, क्रम हाच राहतो.

## टप्पा १ : नमुन्यांमधले अंतर

वंशरेषा म्हणजे पिढ्यान् पिढ्या सलग चालत आलेला समूह. तो सलग दिसायचा तर नमुनेही तसेच दाट हवेत. प्रीऑर्ब्युलिना सिकाना सुमारे १ कोटी ६४ लाख वर्षांपूर्वी दिसू लागते, ऑर्ब्युलिना सुचुरॅलिस सुमारे १ कोटी ५१ लाख वर्षांपूर्वी. मधला काळ १३ लाख वर्षांचा. हजार वर्षांत १ सेंटिमीटर गाळ साचत असेल, तर हा सगळा बदल १३ मीटर गाळात उरकतो. दर ५ मीटरला नमुना घेतलात तर त्यातले दोन किंवा तीन नमुने हाती येतील आणि ‘इथे उत्क्रांतीने उडी मारली’ असे लिहायचा मोह होईल. दर ५० सेंटिमीटरला घेतलात तर सव्वीसेक येतील, मग मधले रूप लपून राहत नाही.

सगळ्या गाभ्यातून (समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या दंडगोलातून) एवढे दाट नमुने घ्यायची गरज नाही. आधी विरळ नमुने घेऊन बदलाचा पट्टा हेरा, मग तेवढ्याच पट्ट्यात दाट नमुने घ्या. उलट क्रमाने जाणारे वर्षभर नुसते गाळ धूत बसतात.

सावध: गाळाचे वय ज्या घटनेवरून ठरवले, त्याच घटनेचा वेग त्या वयावरून काढू नका. ऑर्ब्युलिनाच्या पहिल्या हजेरीवरून वय लावायचे आणि मग ऑर्ब्युलिना किती वेगाने उत्क्रांत झाली ते सांगायचे, हा गोल फेरा आहे. वयासाठी चुंबकीय स्तरक्रम (गाळात नोंदलेले पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे पालट) किंवा नॅनोफॉसिल (फोरॅमांहून कितीतरी लहान जीवाश्म) यांसारखा स्वतंत्र आधार घ्या.

## टप्पा २ : धुणे आणि चाळणे

१. नमुना ५० अंश सेल्सिअसच्या आत वाळवा आणि वजन करा. १० ते २० ग्रॅम पुरतात.

२. पाण्यात भिजवा. चिकणमाती सुटत नसेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचे द्रावण वापरा, पण त्याचा सामू आधी तपासा. ते आम्लधर्मी असेल तर अमोनियाचे थेंब टाकून ७.५ ते ८ वर आणा. पायराइट (लोह-गंधकाचे खनिज) असलेल्या काळ्या गाळावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. पायराइटपासून सल्फ्युरिक आम्ल होते आणि नाजूक कवचे तुमच्यासमोर विरघळतात.

३. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर मंद धारेने धुवा. चाळणीच्या जाळीवर बोट किंवा ब्रश घासू नका.

४. धुतलेला अवशेष ४० ते ५० अंशांवर वाळवा.

डॅनियन काळाच्या, म्हणजे क्रिटेशस संपल्यानंतर लगेचच्या थरांवर काम असेल तर ६३ मायक्रॉनची चाळणी चालत नाही. त्या काळातली पार्व्ह्युलॅरुगोग्लोबिजेरिनासारखी कवचे इतकी लहान असतात की बरीचशी बेसिनमध्ये वाहून जातात. तिथे ३८ मायक्रॉनची चाळणी लावा आणि ३८ ते ६३ मायक्रॉनचा भाग वेगळा ठेवा.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवा. आधीच्या नमुन्यातला एखादा दाणा अडकून राहिला असेल तर तो निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात ओळखू येतो. पाच मिनिटांचे काम आहे, तरी बहुतेक प्रयोगशाळांत ते टाळले जाते. पुढे चुकीच्या खोलीवर एकुलते एक कवच सापडले की त्यावर महिनाभर वाद चालतो.

तपासा: वाळलेल्या अवशेषात मातीच्या गुठळ्या उरल्या आहेत का? असतील तर पुन्हा धुवा. कवचाच्या नाभीत (कप्प्यांच्या गुंडाळीमधल्या खळग्यात) माती असेल तर पुढे मुखछिद्र (शेवटच्या कप्प्याचे तोंड) दिसणार नाही.

## टप्पा ३ : वेचणे, पण नाव न देता

कोरडा अवशेष १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. मायक्रोस्प्लिटरने (नमुन्याचे समान भाग पाडणाऱ्या साधनाने) तो इतका कमी करा की साधारण ३०० प्लवक कवचे उरतील. ती सगळी वेचा, ‘चांगली’ तेवढी नव्हे. इथेच पहिला घोळ होतो. सुबक, ओळखीची, पूर्ण वाढलेली कवचे तेवढी स्लाइडवर जातात आणि मधली रूपे ट्रेमध्ये राहतात. तुम्हाला वंशरेषा लावायची आहे आणि तिचा पुरावा त्या मधल्या रूपांतच आहे.

काळा ट्रे, ००० क्रमांकाचा ब्रश, ६० चौकटींची स्लाइड आणि ट्रॅगाकँथ डिंकाचे पातळ द्रावण एवढे साहित्य पुरते. डिंक पातळच हवा. जाड झाला तर रंध्रे भरतात आणि पुढे भिंत वाचता येत नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत डिंकावर बुरशी धरते, म्हणून बनवतानाच त्यात लवंग तेलाचा थेंब टाका.

मग स्लाइडवरची कवचे गटांत लावा. गटांना अ, ब, क म्हणा किंवा १, २, ३. या टप्प्यावर लॅटिन नाव लिहिलेत की पुढची निरीक्षणे त्या नावाला साजेशी होऊ लागतात. डोळा इतका भाबडा असतो हे मान्य करायला जड जाते, पण ते खरे आहे.

## टप्पा ४ : जतन कसे आहे ते आधी ठरवा

भिंत पाहण्याआधी ती मूळची भिंत उरली आहे का, ते पाहा. काही कवचे पारदर्शक, काचेसारखी दिसतात. टांझानियाच्या चिकणमातीतली इओसीन कवचे अशी असतात. खोल समुद्रातल्या चॉकमधली कवचे मात्र बहुधा दुधी, भुरकट दिसतात, कारण कॅल्साइटचे पुनःस्फटिकीभवन झालेले असते. बाह्याकार जसाच्या तसा राहतो, पण कवचावर जिवंतपणी असलेल्या काट्यांची भोके बुजतात आणि रंध्रांच्या कडा बदलतात.

दुधी कवचावर काट्यांच्या खुणा दिसल्या नाहीत तर नोंद ‘काटे नाहीत’ अशी होत नाही, ‘ठरवता येत नाही’ अशी होते. वहीत या दोन नोंदींसाठी वेगळी चिन्हे ठेवा.

विरघळण्याचाही विचार करा. खोल पाण्यात पातळ भिंतीची कवचे आधी जातात आणि जाड, कीलदार (कडेला उंच धार असलेली) कवचे उरतात. एखाद्या नमुन्यात अर्धी कवचे तुकड्यांच्या रूपात असतील, तर तिथे ‘प्रजाती नाहीशी झाली’ हे विधान करू नका.

## टप्पा ५ : भिंत वाचा

सगळ्या कामाचा भार या टप्प्यावर आहे, म्हणून इथे सावकाश चला.

कवचाचा बाह्याकार पाण्यातल्या जगण्याशी जुळत जातो. म्हणून वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या घराण्यांत तोच आकार पुन्हा उगवतो. भिंतीची रचना त्या मानाने फार हट्टी असते. म्हणून घराणे भिंतीवरून ठरवायचे आणि आकारावरून घराण्यातला माणूस ओळखायचा. निदान तीन-चार कवचे प्रत्येक गटातून एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) काढा. एक पूर्ण ठेवा, एक सुईने हलकेच फोडा म्हणजे भिंतीचा छेद दिसेल. सोन्याचा मुलामा दिलेले कवच पुढे समस्थानिकांच्या विश्लेषणाला चालत नाही, तेव्हा त्यासाठीची कवचे आधीच बाजूला ठेवा.

प्रत्येक गटाला हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

रंध्रे केवढी? एका मायक्रॉनहून लहान रंध्रे असतील तर तो सूक्ष्मरंध्री गट: ग्वेंबेलिट्रिया, किलोग्वेंबेलिना, टेन्युइटेला, ग्लोबिजेरिनिटा, कँडेइना. साध्या सूक्ष्मदर्शकात ही भिंत जवळजवळ गुळगुळीत दिसते. रंध्रे ठळक दिसत असतील तर मोठ्या रंध्रांचा गट. ग्लोबिजेरिनिटावर नाभी झाकणारा फुगीर पडदा, म्हणजे बुला असतो, कॅटॅप्सिड्रॅक्सवरही असतो. बुला पाहून दोघांना एकत्र घालणारे पुष्कळ. पण पहिले सूक्ष्मरंध्री आहे आणि दुसरे मोठ्या रंध्रांचे, तेव्हा नात्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

काटे होते का? जीवाश्मात काटा क्वचितच टिकतो. शोधायची ती त्याची भोके किंवा बुंधे, रंध्रांच्या मधल्या कडांवर. क्रिटेशसच्या अंती, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जे थोडे वाचले त्यांच्यापासून निघालेल्या शाखा इथेच वेगळ्या होतात. इओग्लोबिजेरिना आणि पॅरासुबोटिना काटेरी, प्रीम्युरिका आणि ग्लोबॅनोमॅलिना बिनकाट्यांच्या. नुसत्या आकारावर गेलात तर प्रीम्युरिका आणि पॅरासुबोटिना यांची सहज अदलाबदल होते. मग प्रीम्युरिकापासून निघणारे मोरोझोव्हेला आणि अकॅरिनिनाचे सगळे घराणे चुकीच्या बुंध्यावर जाऊन बसते. मायोसीनमध्ये हीच अडचण पॅराग्लोबोरोटालिया आणि निओग्लोबोक्वाड्रिना यांच्यात येते. दोन्हींची भिंत जाळीदार, दोन्हींना शेवटच्या वळणात चार-पाच कप्पे. पॅराग्लोबोरोटालियाच्या भिंतीत विरळ काट्यांच्या खुणा मिळतात, निओग्लोबोक्वाड्रिनात मिळत नाहीत.

पृष्ठभाग कसा? गुळगुळीत, खळग्यांनी जाळीदार झालेला, की टोकदार उंचवट्यांचा. या उंचवट्यांना म्युरिकी म्हणतात आणि ते मोरोझोव्हेला-अकॅरिनिना घराण्याची खूण आहेत.

आता कीलकडे पाहा. मोरोझोव्हेलाची कील म्युरिकी एकमेकींत मिसळून बनते. ग्लोबोरोटालियाची कील म्हणजे कडेचा जाड, रंध्रहीन पट्टा. ग्लोबॅनोमॅलिना स्यूडोमेनार्डीची कीलही रंध्रहीन आणि भिंत गुळगुळीत. दिसायला ती आजच्या ग्लोबोरोटालिया मेनार्डीसारखी, पण जगली पॅलिओसीनमध्ये, मेनार्डीच्या घराण्याच्या कितीतरी आधी. कील हे कुलकर्णी आडनावासारखे समजा: ते गावोगावी वेगवेगळ्या घरांना लागले, म्हणून दोन कुलकर्णी भाऊबंद ठरत नाहीत.

सावध: भिंत शेवटच्या कप्प्यावर वाचू नका. तो पातळ असतो आणि त्यावर पोत पुरता उमटलेला नसतो. नाभीजवळच्या उंचवट्यांनाही म्युरिकी समजू नका. शेवटून दुसरा किंवा तिसरा कप्पा घ्या आणि सगळ्या नमुन्यांत तोच घ्या. पुनरुत्पादनाच्या वेळी चढणारे जादा कॅल्साइट काट्यांची भोके झाकते, त्यामुळे जाड कवचाबरोबर पातळ कवचही फोडून पाहा.

## टप्पा ६ : आकार आणि वय

भिंतीवरून घराणे ठरल्यावर प्रत्येक कवच तीन बाजूंनी पाहा: नाभीची बाजू, सर्पिल बाजू (जिच्यावर गुंडाळीची सगळी वळणे दिसतात) आणि कड. कडेकडून घेतलेला फोटो टाळणारे कीलदार प्रजातींत हमखास फसतात. कप्प्यांची मांडणी, शेवटच्या वळणातली संख्या, मुख्य मुखछिद्राची जागा, उपछिद्रे (मुख्य मुखछिद्राखेरीजची छिद्रे), शिवणी (कप्प्यांच्या सांध्यांच्या रेषा) वाकड्या की सरळ, एवढे नोंदवा. गुंडाळीची दिशा सर्पिल बाजूने ठरवा: कप्पे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढत असतील तर उजवी, नाहीतर डावी.

मग वयाचा प्रश्न. कीलदार प्रजातीचे पिल्लू बिनकीलचे असू शकते. शेवटचा कप्पा आधीच्यापेक्षा लहान असेल तर ते एका प्राण्याच्या वाढीचे लक्षण आहे, नव्या प्रजातीचे नाही. ऑर्ब्युलिनात तर ही अडचण टोकाला जाते. ऑर्ब्युलिना युनिव्हर्साचा गोळा म्हणजे तिचा शेवटचा कप्पा. गोळा हळूच फोडा, आत मळसूत्री लहान कवच मिळू शकते. गोळा बनण्याआधी मेलेली ऑर्ब्युलिना १५० मायक्रॉनच्या खालच्या भागात साध्या ग्लोबिजेरिनासारखी दिसते. ती मोजदादीत वेगळी प्रजाती म्हणून धरली जाते आणि ऑर्ब्युलिना ‘दुर्मीळ’ ठरते.

ट्रायलोबेटस सॅक्युलिफरच्या पिशवीसारख्या शेवटच्या कप्प्याचेही तेच. आज जिवंत असलेल्या प्राण्यांच्या डीएनएवरून पिशवी असलेली आणि नसलेली रूपे एकाच जैविक प्रजातीची निघाली आहेत. पिशवीवरून वंशशाखा काढू नका.

## टप्पा ७ : कवच मोजा, समूह मांडा

प्रत्येक नमुन्यातून एकाच घराण्यातली ३० ते ५० कवचे एकाच अरुंद आकारवर्गातून घ्या, उदाहरणार्थ २५० ते ३०० मायक्रॉन. आकारवर्ग बदलत राहिला तर तुम्ही उत्क्रांती मोजत नसून वाढ मोजत असता. मोजायचे गुण तीन-चारच ठेवा आणि ते वंशरेषेला लागू असणारे हवेत. ऑर्ब्युलिनासाठी शेवटच्या कप्प्याने आधीचे कवच किती वेढले आहे आणि शिवणीवरच्या छिद्रांची संख्या. फोसेलासाठी कडेचा कोन आणि कील कुठपर्यंत पोचली ते. ग्लोबोरोटालियासाठी कडेकडून दिसणारी बाह्यरेषा.

प्रत्येक नमुन्याचा स्तंभालेख काढा आणि ते खोलीच्या क्रमाने एकाखाली एक लावा. सरासरीची एकच रेघ पुरेशी नाही. एक उंचवटा हळूहळू सरकतो आहे की दोन उंचवटे फाकताहेत, हे सरासरीत दिसत नाही आणि पुढचा निर्णय त्यावरच आहे.

तपासा: दोन उंचवटे दिसले तर ‘दोन प्रजाती’ लिहिण्याआधी तीन शक्यता खोडा. पिल्ले आणि प्रौढ मिसळले आहेत का? विरघळण्यामुळे मधला भाग गळाला का? वेगळ्या वयाचा गाळ मिसळला का?

## टप्पा ८ : दुवा जोडणे

क हा अ चा वंशज आहे असे म्हणायला निदान एवढे हवे. भिंत एकाच प्रकारची असावी, किंवा बदलली असेल तर बदलाचे टप्पे दिसावेत. अ आधीपासून हजर असावा. दोघांमधली रूपे योग्य खोलीवर, योग्य क्रमाने मिळावीत. अ आणि क एकाच समुद्रात राहत असावेत. यातले एक जरी नसेल तरी दुवा तुटक रेघेने काढा. हान्टकेनिनाचे उदाहरण पाहा. तिची सपाट गुंडाळी पाहून पूर्वी तिचा पूर्वज स्यूडोहॅस्टिजेरिना मानला जाई. मधली रूपे मिळाली ती क्लॅव्हिजेरिनेलाकडून येणारी, आणि दुवा बदलला.

ऑर्ब्युलिनाची रेषा खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे अशी जुळवा:

१. ट्रायलोबेटस ट्रायलोबस. मळसूत्री कवच, जाळीदार काटेरी भिंत, सर्पिल बाजूला उपछिद्रे.

२. ट्रायलोबेटस बायस्फेरिकस. शेवटचा कप्पा मोठा होऊन नाभी झाकतो, त्याच्या तळाशी दोन किंवा तीन छिद्रे.

३. प्रीऑर्ब्युलिना सिकाना. छिद्रे चारच्या आसपास, आडव्या चिरांसारखी.

४. प्रीऑर्ब्युलिना ग्लोमेरोसा. कवच आणखी गोल, शिवणीवर आखूड चिरांची रांग. पुढच्या सर्क्युलॅरिस रूपात चिरा गोल भोकांत बदलतात.

५. ऑर्ब्युलिना सुचुरॅलिस. शिवणीवरच्या भोकांखेरीज शेवटच्या कप्प्यावर सगळीकडे विखुरलेली मोठी भोके. इथून एम ६ हा झोन, म्हणजे जीवाश्मांवरून ठरवलेला कालपट्टा, सुरू होतो.

६. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा. शेवटच्या कप्प्याने सगळे गिळले, उरला फक्त गोळा.

बायस्फेरिकस आणि सिकानामध्ये सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. तीन स्पष्ट छिद्रे आणि चौथे अर्धवट, असे कवच तुमच्या स्लाइडवर येणारच. ते कुठे घालायचे याचा नियम आधी लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. एका नमुन्यात दोन-तीन रूपे एकत्र मिळाली म्हणून घाबरू नका, तसेच व्हायला हवे. सगळी भोके मोजायला कवच ब्रशने फिरवत राहावे लागते. एका फोटोवरून केलेली मोजणी टाकून द्या.

## टप्पा ९ : शाखा फुटली की रूप बदलले?

ट्रायलोबस ऑर्ब्युलिना निघाल्यावरही जगत राहिला. त्याची रेषा आजच्या सॅक्युलिफरपर्यंत येते. म्हणजे इथे शाखा फुटली. पण सिकाना, ग्लोमेरोसा, सुचुरॅलिस हे एकाच शाखेवर आपण सोयीसाठी पाडलेले तुकडे आहेत. ग्लोमेरोसा ‘नामशेष’ झाली असे लिहिले तर ते फसवे आहे. तिची संतती पुढे आहे, बदलले ते आपले नाव. नामशेष होण्याचा दर काढताना असे छद्म-अंत वेगळे काढले नाहीत तर आकडा फुगतो. म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा: एक रूपावरून पाडलेल्या प्रजातींचा, दुसरा वंशरेषांचा. दोन्हींची बेरीज वेगळी येणार आणि ती तशीच द्यायची.

नमुन्यांच्या अंतराची गोष्ट इथे पुन्हा येते. हिंदी महासागरातल्या नाइन्टीईस्ट रिजवरच्या डीएसडीपी या समुद्रतळ-खोदकाम प्रकल्पाच्या साइट २१४ च्या गाभ्यात माल्मग्रेन, बर्ग्रेन आणि लोहमन यांनी ग्लोबोरोटालिया प्लेसिओटुमिडा ते ग्लोबोरोटालिया टुमिडा हा बदल कडेच्या बाह्यरेषेवरून मोजला. १९८३ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा की मायोसीन-प्लायोसीनच्या सीमेजवळ सुमारे ६ लाख वर्षांत, शाखा न फुटता, सगळा समूह हळूहळू बदलला. २००९ मध्ये दुसऱ्या ठिकाणच्या दाट नमुन्यांवर हाच बदल पाहिला गेला तेव्हा तो बराच अचानक झालेला दिसला. तेव्हा ‘हळू’ किंवा ‘अचानक’ लिहिताना शेजारी नमुन्यांमधले अंतर वर्षांत लिहा.

## टप्पा १० : आता नाव

नाव देताना ॲटलसमधल्या देखण्या चित्राशी नव्हे, ज्यावरून प्रजातीला नाव दिले गेले त्या मूळ नमुन्याशी, म्हणजे होलोटाइपच्या चित्राशी आणि वर्णनाशी ताडा. पॅलिओसीन (१९९९), इओसीन (२००६) आणि ऑलिगोसीन (२०१८) यांच्या ॲटलसांत बहुतेक होलोटाइपांचे नवे एसईएम फोटो आहेत, ते त्यासाठीच वापरा. होलोटाइप तुमच्या समूहाच्या स्तंभालेखात कुठे बसतो ते पाहा. तो अगदी टोकाला असेल तर नाव जपून लावा.

जीनस (प्रजातींचा गट, नावातला पहिला शब्द) एकाच मुळाचा हवा. वंशज वगळून राहिलेला गट, उदाहरणार्थ ऑर्ब्युलिना वजा जाता ट्रायलोबेटस, जीवाश्मांत चालवून घ्यावा लागतो, कारण प्रत्येक पूर्वज कुठेतरी ठेवावाच लागतो. पण दोन मुळांतून आलेल्यांना एका नावाखाली ठेवणे चालत नाही. ग्लोबिजेरिनॉइडिसचे तेच झाले होते. उपछिद्रे पाहून सगळे त्यात घातले जात. २०१५ मध्ये ग्लोबिजेरिनॉइडिस रुबरचा गट तिथे राहिला आणि सॅक्युलिफरचा गट ट्रायलोबेटसमध्ये गेला. जुन्या अहवालात ‘ग्लोबिजेरिनॉइडिस ट्रायलोबस’ दिसला तर तो वेगळा प्राणी नव्हे.

खात्री नसेल तर ‘सीएफ.’ म्हणजे बहुधा तोच, ‘ॲफ.’ म्हणजे जवळचा पण वेगळा. हे दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नका.

जाता जाता: प्लवक असणे हेही नात्याचे लक्षण नाही. अरबी समुद्रात तरंगताना पकडलेला स्ट्रेप्टोकिलस ग्लोबिजेरस डीएनएवरून तळावर राहणाऱ्या बोलिव्हिना व्हेरिॲबिलिसशी एकच निघाला, २००९ मध्ये. दोन रांगांच्या कवचांना प्लवकांच्या वृक्षावर टांगण्याआधी हे लक्षात असू द्या.

## टप्पा ११ : हजेरी नोंदवणे

पहिली आणि शेवटची हजेरी एका खोलीवर नसते, दोन नमुन्यांच्या मध्ये असते. ८२.५० मीटरला सुचुरॅलिस आहे आणि ८३.०० ला नाही, तर नोंद ८२.७५ अधिक-उणे ०.२५ मीटर. दुर्मीळ प्रजातीची शेवटची हजेरी खऱ्या अंताच्या खालीच सापडते, म्हणून तिथे आणखी अवशेष वेचून पाहा.

विहिरीतले कटिंग्ज (खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे) वापरत असाल, मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत बहुधा तेच हाती येतात, तर वरचे नवे कण खाली पडतात. त्यामुळे पहिली हजेरी नको तेवढी खाली सरकते. अशा विहिरीत वरून खाली येताना प्रथम जिथे प्रजाती भेटते, म्हणजे तिची शेवटची हजेरी, तीच भरवशाची. समुद्रतळाच्या गाभ्यात उलट धोका असतो: जुनी कवचे उकरून नव्या गाळात येतात. २०१५ मध्ये आयओडीपी या समुद्रतळ-खोदकाम कार्यक्रमाच्या मोहीम ३५५ ने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात घेतलेल्या यू१४५६ आणि यू१४५७ या गाभ्यांत नटराज स्लाइडचा जाड थर लागला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा माल घसरून खोल समुद्रात आला होता. अशा थरात शेवटची हजेरी लिहायचीच नाही. उकरून आलेली कवचे रंग, झीज आणि आत भरलेला वेगळा गाळ यांवरून ओळखू येतात.

एका समुद्रातली पहिली हजेरी दुसऱ्या समुद्राला जशीच्या तशी लावू नका. ग्लोबोरोटालिया ट्रंकॅट्युलिनॉइडिस नैर्ऋत्य पॅसिफिकमध्ये इतर महासागरांच्या काही लाख वर्षे आधी दिसते. तिथल्या वयाने अरबी समुद्राचा गाभा लावलात तर चूक त्याच मापाची होईल.

शेवटी कागदपत्रे. चित्रित केलेल्या प्रत्येक कवचाला क्रमांक, साइट, गाभा, खोली आणि आकारवर्ग लिहा आणि ती कवचे संग्रहालयात किंवा संस्थेच्या नोंदणीकृत संग्रहात जमा करा. छिद्रांच्या संख्येचा नियम, वगळलेले नमुने आणि ‘ठरवता येत नाही’ अशा नोंदी परिशिष्टात द्या. तुमचे गट अ, ब, क ज्या नावांत बदलले, तो तक्ताही तिथेच ठेवा, म्हणजे उद्या एखादे नाव बदलले तरी तुमची मोजणी वापरता येईल.